फक्त हातानं लढणारा पैलवान करालोय, लेव्हल ४ ला कुठली फीट घेऊ?

शहापूरचा_पोऱ्या

नमस्कार मंडळी, बेळगावातनं लिहालोय. आमचं टिळकवाडीत रविवारचं टेबल आहे, पाच जण, दोन वर्षं झाली खेळालोय, डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे एकेक कॅरॅक्टर घेऊन फासे टाकत गोष्ट खेळायची, त्याची पाचवी आवृत्ती, म्हणजे २०१४ चे नियम, आणि वर ताशाचं २०२० चं जोडपुस्तक चालतं.

माझं कॅरॅक्टर भैरू, व्हेरिअंट ह्यूमन फायटर, म्हणजे माणूस जातीचा लढवय्या, आणि त्याच्या हातात शस्त्र नाही. कधीच घेणार नाही असं पहिल्याच दिवशी ठरवलंय. आमचे आजोबा पैलवान. त्यांचे दोन्ही कान चुरगळून घट्ट झालेले, लहानपणी मी मांडीवर बसून ते बोटानं दाबून बघायचो, आत दगडासारखं लागायचं, आणि ते म्हणायचे दाब, दुखत नाही. आनंदवाडीच्या मैदानाला मला खांद्यावर बसवून घेऊन गेलेत. म्हणून भैरू. मला तो खरंच चांगला खेळायचा आहे, नुसता गंमत म्हणून नाही.

आता मुद्दा. स्ट्रेंग्थ (ताकद) १६, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १६. पहिल्या लेव्हलला अनआर्म्ड फायटिंग ही रिकाम्या हातानं लढायची स्टाइल घेतली आणि ह्यूमनची फीट (निवडून घ्यायची खास करामत) म्हणून टॅव्हर्न ब्रॉलर. येत्या रविवारी लेव्हल ४ होणार. गेल्या वेळी एका ओगर राक्षसाबरोबर झुंज झाली आणि तिथं तीन गोष्टींवरनं अर्धा तास गेला, चहा निवून पाणी झाला तरी कुणी कप उचलेना.

एक, मी म्हणालो की स्टाइलचा डी८ (आठ बाजूंचा फासा) आणि टॅव्हर्न ब्रॉलरचा डी४ दोन्ही डॅमेजला टाकणार. दुसरं, मला आता ग्रेट वेपन मास्टर घ्यायची आहे, कारण एकाला लोळवला की बोनस अ‍ॅक्शननं (टर्नमधली एक जादा चाल) पुढच्याला ठोसा मिळतो. तर आमचे डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारे) म्हणाले चालेल, त्यांच्या पुस्तकात शस्त्रांच्या तक्त्यात अनआर्म्ड स्ट्राइक (रिकाम्या हाताचा मार) छापलेलंच आहे, आणि रेंजर खेळणाऱ्या दोस्तानं त्याचं पुस्तक उघडलं तर त्याच्यात तक्त्यात ते नाहीच! दोन्ही पुस्तकं अस्सल, दोन्ही एकाच नावाची. तिसरं, ओगर मोठा आहे म्हणून त्याला धरता येणार नाही असं एकजण म्हणाला.

तर ग्रेट वेपन मास्टर, ग्रॅपलर, क्रशर, का सरळ स्ट्रेंग्थ दोननं वाढवू? आणि कुणाचं पुस्तक खरं?

निपाणीकर_डीएम

भावा, आधी पुस्तकाचा घोळ सोडवूया कारण बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे.

तुमच्या डीएमकडं पहिल्या छपाईचं प्लेअर्स हँडबुक (मूळ नियमपुस्तक) आहे. त्यात अनआर्म्ड स्ट्राइक साध्या शस्त्रांच्या तक्त्यात होतं, डॅमेज १ म्हणून. पुढं त्यांनी दुरुस्तीपत्रक काढलं आणि ती ओळ तक्त्यातनं काढून टाकली, नंतरच्या छपाईत नवा मजकूर आला. तो असा आहे की शस्त्रानं मेली (जवळनं करायचा) वेपन अटॅक करायच्या ऐवजी तुम्ही ठोसा, लाथ, डोक्याची धडक असं काहीही वापरू शकता, लागलं तर १ अधिक स्ट्रेंग्थ मॉडिफायर (स्ट्रेंग्थवरनं मिळणारा आकडा, तुझा ३) एवढं डॅमेज, आणि त्याची प्रोफिशियन्सी (सराव, म्हणून रोलला जादा आकडा) सगळ्यांनाच असते. म्हणून तर पहिल्या छपाईतल्या टॅव्हर्न ब्रॉलरमध्ये अनआर्म्ड स्ट्राइकची प्रोफिशियन्सी वेगळी लिहिलेली सापडेल आणि दुरुस्तीनंतर ती गेली, सगळ्यांनाच आहे म्हटल्यावर वेगळी कशाला द्यायची. तुमच्या दोस्ताचं पुस्तक दुरुस्त केलेलं आहे, तेच धरा.

आता ह्यातनं जो अर्थ निघतो तो नीट डोक्यात बसव, कारण पुढची प्रत्येक फीट तू ह्याच चाळणीतनं गाळून घ्यायचीस. तुझा ठोसा हा ‘मेली वेपन अटॅक’ आहे, पण तुझी मूठ हे ‘वेपन’ नाही. ऐकायला विचित्र वाटतं, मलाही पहिल्यांदा वाटलं होतं, पण सगळा निकाल इथंच लागतो. फीटमध्ये मेली वेपन अटॅक असं लिहिलं असेल तर भैरूला चालतं. मेली वेपननं मारलं तर, असं लिहिलं असेल तर चालत नाही.

ग्रेट वेपन मास्टरच्या बोनस अटॅकला काय लिहिलंय बघ, मेली वेपननं क्रिटिकल (फाशावर २०) लागला किंवा त्यानं समोरच्याला शून्यावर आणलं तर. म्हणजे शस्त्र पाहिजे. आणि तो रोलला पाच वजा, डॅमेजला दहा अधिक वाला भाग तर हेवी शस्त्रालाच आहे. म्हणजे तुझी अख्खी फीट वाया. सेंटिनेल बघ, तिच्यातली रिअ‍ॅक्शन मेली वेपन अटॅक म्हणते, ती चालते, शेजारच्या दोस्ताला कुणी मारलं की भैरू त्याला ठोसा घालू शकतो. चार्जर पण चालते, डॅश (धाव) करून बोनस अ‍ॅक्शनला ठोसा किंवा ढकलणं. दोन मुठी म्हणजे दोन शस्त्रं धरून टू वेपन फायटिंग करता येईल का म्हणून पुढं कुणीतरी विचारणारच, तर नाही, त्याला हातात लाइट शस्त्र लागतं.

डी८ आणि डी४ ची बेरीज होत नाही. टॅव्हर्न ब्रॉलर म्हणते तुझा अनआर्म्ड स्ट्राइक डी४ वापरतो, स्टाइल म्हणते डी६, आणि हल्ला करताना हातात शस्त्र किंवा ढाल नसेल तर डी८. दोन्ही एकाच डॅमेजच्या जागी येतात, मोठा तो धरायचा. मग टॅव्हर्न ब्रॉलरचं काय उरलं? उरलं ते सगळ्यात महत्त्वाचं आहे, ठोसा लागला की त्याच टर्नला बोनस अ‍ॅक्शननं ग्रॅपल करता येतं, म्हणजे धरता येतं. आणि स्टाइलमध्ये शेवटची एक ओळ आहे ती बऱ्याच जणांच्या नजरेतनं सुटते, तू ज्याला धरलंयस त्याला तुझ्या प्रत्येक टर्नच्या सुरवातीला डी४ डॅमेज, काही रोल न करता. म्हणजे तुझ्या दोन गोष्टी आधीच एकमेकींना धरून आहेत. ठोसा, पकड, आणि पकड टिकली की दर टर्नला रगडा.

ओगर लार्ज आहे, तू मीडियम. आपल्यापेक्षा एका साइझनं मोठ्यापर्यंत धरता येतं, तेव्हा ओगर चालतो. हिल जायंट ह्यूज, तो नाही.

शहापूरचा_पोऱ्या

दादा लई उपकार. डी८ डी४ चं मीच चुकालो होतो, ठीक आहे.

अजून एक विचारतो, पकड ठेवायला एक हात लागतो ना, मग हात अडकला तर डी८ चा डी६ होतो का? आणि ग्रॅपलर फीटबद्दल तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. नाव बघून मला वाटलं पैलवानाची फीट हीच. दुसरं म्हणजे आमचा रेंजर ओरडालाय की मी सगळ्यांना खाली पाडतो आणि त्याचे बाण लागत नाहीत, त्याचं काय करू.

निपाणीकर_डीएम

हात अडकला म्हणून डी८ कमी होत नाही. अट हातात शस्त्र किंवा ढाल नसण्याची आहे, हात रिकामा असण्याची नाही. दोन्ही हातांनी दोघांना धरलंस तरी लाथ आहेच की. ढाल घेतलीस तर मात्र डी६.

ग्रॅपलरवर मी मुद्दाम थांबलो होतो कारण तिच्याबद्दल नीट लिहायला पाहिजे. नावावर जाऊ नको. २०१४ ची ग्रॅपलर तुला दोन गोष्टी देते. एक, ज्याला धरलंयस त्याच्यावर अटॅकला अ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे दोनदा फासा टाकून मोठा आकडा धरायचा, डिसअ‍ॅडव्हान्टेज असेल तर लहान. दुसरी, अख्खी अ‍ॅक्शन खर्चून परत एकदा पकडीचा रोल करायचा, जिंकलास तर तो आणि तू दोघंही रिस्ट्रेन्ड, म्हणजे जखडलेले. दोघंही! म्हणजे त्याच्यावर अ‍ॅडव्हान्टेज मिळतो आणि तुझ्या स्वतःच्या अटॅकला डिसअ‍ॅडव्हान्टेज येतो, फिटंफाट, वर बाकीचे सगळे तुला अ‍ॅडव्हान्टेजनं मारणार. तुमच्या डीएमच्या पहिल्या छपाईत तिसरीही एक ओळ असेल, एका साइझनं मोठ्या प्राण्याबद्दल, ती अशा नियमाला उत्तर देते जो पुस्तकात कुठंच नाही, म्हणून दुरुस्तीत काढून टाकली.

उरला पहिला फायदा, अ‍ॅडव्हान्टेज. तो तुला फीट न घेता मिळतो. कसा बघ. धरलेल्याचा स्पीड शून्य. जमिनीवर पडलेल्याला उठायला निम्मा स्पीड खर्चावा लागतो, आणि स्पीडच शून्य असेल तर उठताच येत नाही. म्हणजे आधी धर, मग एका अटॅकच्या जागी शव्ह (ढकलणं) करून पाड, झालं, तो तुझ्या हातातनं सुटेपर्यंत उठणार नाही आणि पाच फुटांच्या आतल्या सगळ्यांना त्याच्यावर अ‍ॅडव्हान्टेज. लेव्हल ५ ला तुला दोन अटॅक येतील, पहिल्या अटॅकला पाडायचं आणि दुसरा अ‍ॅडव्हान्टेजनं मारायचा, ह्या चालीला एकसुद्धा फीट लागत नाही.

फक्त तुझ्या रेंजरची तक्रार शंभर टक्के खरी आहे. पडलेल्यावर लांबनं मारणाऱ्याला डिसअ‍ॅडव्हान्टेज येतो. तेव्हा टेबलावर तीरंदाज असेल तर त्याचा बाण आधी सुटू दे आणि मग पाड, किंवा ज्याच्यावर तो नेम धरालाय त्याला उभाच धरून ठेव. उभ्या माणसावर तुला एकट्याला अ‍ॅडव्हान्टेज देणारी म्हणून ग्रॅपलरचा तेवढाच उपयोग राहतो, पण त्यासाठी लेव्हल ४ ची जागा घालवावी असं मला वाटत नाही.

माझं मत, स्किल एक्स्पर्ट घे. ताशाच्याच पुस्तकात आहे. कुठलाही एक अ‍ॅबिलिटी स्कोअर एकनं वाढतो, एक नवीन स्किल, आणि एका स्किलला एक्स्पर्टीज, म्हणजे प्रोफिशियन्सी दुप्पट. अ‍ॅथलेटिक्सला एक्स्पर्टीज घे. आकडे बघ, मी वहीत मांडून बघितलेत. आत्ता तुझं अ‍ॅथलेटिक्स ५ (स्ट्रेंग्थचे ३, प्रोफिशियन्सीचे २), ओगरचं ४, बरोबरी झाली तर पकड बसत नाही, तर तुझी पकड बसायची शक्यता साडेबावन्न टक्के. एक्स्पर्टीज घेतलीस तर ७, शक्यता जवळजवळ ६२. लेव्हल ५ ला प्रोफिशियन्सी वाढते, तुझं ९ होतं आणि शक्यता बरोबर ७०. एक्स्पर्टीज न घेता त्याच लेव्हलला ५७ वर राहशील. आणि लक्षात घे, तोच रोल धरायला, तोच पाडायला, आणि तो सुटायला बघतो तेव्हा अडवायला पण तोच. एकाच आकड्यावर तुझी सगळी कुस्ती आहे.

स्ट्रेंग्थ १७ कर ह्यातनं. फायटरला ६ ला परत एक मिळतं, तेव्हा क्रशर घे, त्यातही स्ट्रेंग्थ एक वाढते, १८ होतील. एकही गुण वाया नाही.

जुनी_झेरॉक्स

हे सगळं वाचून मला फार बरं वाटलं, कारण आमच्या वेळी रिकाम्या हातानं लढणाऱ्याचे किती हाल होते ते आठवलं. आम्ही ३.५ आवृत्ती खेळायचो, २००३ वाली. बेळगावात इंजिनिअरिंगला होतो, हॉस्टेलात झेरॉक्स काढलेली पानं, बायंडिंगच्या दुकानातनं स्पायरल करून आणलेली, आणि फासे मिळत नव्हते म्हणून चिठ्ठ्या टाकायचो.

त्यात फीटशिवाय तुम्ही शस्त्र घेतलेल्या माणसावर ठोसा उगारला की तो आधी तुम्हाला एक फुकट वार करायचा, अटॅक ऑफ ऑपॉर्च्युनिटी. डॅमेज डी३, आणि तेही नॉनलीथल (जीव न घेणारं), खरं लागायला पाहिजे असेल तर रोलमधनं ४ वजा. म्हणून इम्प्रूव्ह्ड अनआर्म्ड स्ट्राइक ही फीट सगळ्याचं दार होती, ती घेतली की तुम्ही सशस्त्र समजले जायचे, फुकट वार बंद, आणि लीथल का नॉनलीथल ते तुमच्या हातात. मंकला (रिकाम्या हातानं लढणारा संन्यासी) ती पहिल्या लेव्हलला आपोआप. तिच्यामागनं बाकीच्या उघडायच्या, डेक्स्टेरिटी (चपळाई) १३ असेल तर इम्प्रूव्ह्ड ग्रॅपल, पकडीच्या रोलला सरळ ४ अधिक. मग डिफ्लेक्ट अ‍ॅरोज, मग स्टनिंग फिस्ट, तिला फायटरचा बेस अटॅक ८ पाहिजे. एकेक पायरी चढत जायची.

पण एक गोष्ट त्यात फार नीट केली होती. पॉवर अटॅकचं जादा डॅमेज हलक्या शस्त्राला मिळत नव्हतं, आणि मूठ हलक्या शस्त्रातच मोजली जायची, तरी नियमात स्पष्ट लिहिलं होतं की अनआर्म्ड स्ट्राइकला ही बंदी नाही. वेपन फोकस घेताना पण शस्त्राच्या जागी अनआर्म्ड स्ट्राइक किंवा ग्रॅपल निवडता यायचं. तिथं मूठ कुठं बसते हे दर फीटला लिहून ठेवलं होतं. पाचव्यात ते शब्दांच्या मध्ये लपलंय, म्हणून पोरं भांडतात.

पोऱ्याला एकच सांगतो, क्रशर आत्ताच घे. लागलेल्याला पाच फूट सरकवता येतं, धरून धरून सरकवायचं, दरीत नाहीतर आगीत.

निपाणीकर_डीएम

काका, तुमचा मान राखून, तिथं एक अडचण आहे. धरलेला माणूस तुमच्या हाताच्या पोचेबाहेर गेला की पकड संपते. क्रशरनं सरळ मागं ढकलला तर आपणच आपली पकड सोडवली असं होतं. सरकवायचं का नाही ते खेळणाऱ्याच्या मर्जीवर आहे, आणि बाजूला, आपल्या शेजारच्याच चौकोनात सरकवला तर पकड राहते, तेव्हा वाया नाही. पण धरणं आणि ढकलणं हे दोन वेगळे डाव आहेत, पैलवानानं आधी धरण्याचा पक्का करावा. क्रशरमधली मला आवडते ती दुसरी गोष्ट, ब्लजनिंग (ठोकून झालेल्या) डॅमेजचा क्रिटिकल लागला की तुझ्या पुढच्या टर्नपर्यंत त्याच्यावर सगळ्यांनाच अ‍ॅडव्हान्टेज. तिथं रेंजर खूष होईल. आणि क्रशर शस्त्र मागत नाही, नुसतं ब्लजनिंग डॅमेज मागते, ठोसा त्यात बसतो.

खानापूरची_मंक

मी २०२४ च्या नव्या नियमांनी खेळते, मंक, आमच्या ग्रुपमध्ये चार मुली आणि माझा भाऊ डीएम. पोऱ्या, तुमचं टेबल पुढं कधी नव्या पुस्तकावर गेलं तर हे वाचून ठेव, कारण ग्रॅपलर तिथं पार बदललीय.

नव्यात ठोसा, पकड आणि ढकलणं तिन्ही अनआर्म्ड स्ट्राइकचेच तीन प्रकार. अ‍ॅथलेटिक्सचा सामना नाही, समोरच्यानं सेव्हिंग थ्रो (वाचायचा रोल) टाकायचा, डीसी (गाठायचा आकडा) ८ अधिक तुझी स्ट्रेंग्थ अधिक प्रोफिशियन्सी, आणि मंकला स्ट्रेंग्थच्या जागी डेक्स्टेरिटी चालते. मी लेव्हल ४ ला ग्रॅपलर घेतली, डेक्स्टेरिटी १७ ची १८ झाली, डीसी १४. अटॅक अ‍ॅक्शनमधला ठोसा लागला की त्याच ठोशात डॅमेज पण आणि पकड पण, टर्नला एकदा. मग बोनस अ‍ॅक्शनचा ठोसा, नाहीतर फोकस पॉइंट खर्चून फ्लरी (ठोशांचा मारा), ते सगळे धरलेल्यावर अ‍ॅडव्हान्टेजनं. आमच्यात वाद झाला होता की फ्लरीतल्या ठोशानं पण एकदम पकड लागते का. नाही लागत, फीटमध्ये अटॅक अ‍ॅक्शन असं लिहिलंय, फ्लरी बोनस अ‍ॅक्शन आहे. भाऊ बरोबर होता, मी मान्य केलं.

आणि तिसरी ओळ बघ, आपल्या साइझचा किंवा लहान असेल तर धरलेल्याला ओढत नेताना वेग कमी होत नाही. माझा स्पीड ४० फूट. एका वाड्यात एक जादूगार त्याच्या पहारेकऱ्यांच्या मागं लपून मंत्र टाकत होता, मी आत घुसले, कॉलर धरली आणि दारातनं बाहेर अंगणात आणून ठेवला, तिथं आमच्या तिघी उभ्याच होत्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की ही फीट डॅमेजची नाही, जागेची आहे. कोण कुठं उभा राहणार ते मी ठरवते.

टॅव्हर्न ब्रॉलर नव्यात ओरिजिन फीट झालीय, त्यात बोनस अ‍ॅक्शनची पकड गेली, आता ठोशाबरोबर पाच फूट ढकलणं आहे. तेव्हा २०१४ ची आणि २०२४ ची एकाच कॅरॅक्टरवर मिसळू नका, आम्ही सुरवातीला ते केलं आणि दोन सेशन कुणालाच काही कळेना.

जुन्या नियमांत मंक खेळणाऱ्यांना एक सांगते, टॅव्हर्न ब्रॉलर घेऊ नका. मंकचा जादा ठोसा, फ्लरी, पेशंट डिफेन्स, सगळं बोनस अ‍ॅक्शनवर, आणि ब्रॉलरची पकड पण बोनस अ‍ॅक्शनवरच. टर्नला बोनस अ‍ॅक्शन एकच. त्यापेक्षा मोबाइल घ्या, स्पीड दहानं वाढतो आणि ज्याच्यावर मेली अटॅक केला त्याच्याकडनं परतताना फुकट वार नाही.

शहापूरचा_पोऱ्या

ताई, कॉलर धरून अंगणात आणला हे वाचून उठून उभा राहिलो!

बोनस अ‍ॅक्शनची गोष्ट मी नीट धरलीच नव्हती. म्हणजे ग्रेट वेपन मास्टर चालली असती तरी तिचा अटॅक आणि माझी पकड एकाच बोनस अ‍ॅक्शनवर आदळली असती. आजोबांचे वस्ताद म्हणायचे म्हणे, दहा डाव शिकून काय करणार, अंगात एकावेळी एकच डाव बसतो. आता कळालं.

आजोबा पकडीबद्दलच जास्त सांगायचे. हौद्यातल्या मातीत हळद, ताक, लिंबू, तेल घालून ती मळायची, मग ती माती समोरच्याच्या अंगावर टाकायची, का तर घामानं हात निसटू नये. ढाक असू दे नाहीतर धोबीपछाड, आधी हात बसला पाहिजे. भैरूची स्किल एक्स्पर्ट ठरली, अ‍ॅथलेटिक्सला.

टिळकवाडी_डीएम

मीच तो पहिल्या छपाईवाला डीएम. कुणीतरी लिंक पाठवली. आमच्या घरी कन्नड, मराठी मी ह्या पोरांबरोबर खेळूनच पक्की केली, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

निपाणीचे दादा म्हणतात ते मी काल रात्री दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून ओळ न् ओळ बघितलं. बरोबर आहे. माझ्यात तक्त्यात ती ओळ आहे, ग्रॅपलरची तिसरी ओळ पण आहे. मी पेन्सिलनं दोन्ही खोडली आणि बाजूला दुरुस्तीतला मजकूर लिहून ठेवला. पोऱ्या, त्या दिवशी मी तुला चालेल म्हणालो आणि तुझ्या डोक्यात फीट पक्की झाली, ती माझी चूक, बघून सांगायला पाहिजे होतं.

एक गोष्ट मी मागच्या महिन्यापासनं मनात ठेवलीय, ती आता सांगतो, कारण तू फीटमध्ये त्याचं उत्तर शोधालास. पुढं असे प्राणी येणार ज्यांच्यावर साध्या, जादू नसलेल्या माराचा निम्माच परिणाम होतो. मंकचे ठोसे सहाव्या लेव्हलला जादूचे समजले जातात, फायटरला तसं काही नाही, आणि त्यावर कुठलीच फीट तुला वाचवत नाही. बाकीच्यांना जादूची तलवार, धनुष्य मिळतं, मुठीला काय द्यायचं? ताशाच्या पुस्तकात एक टॅटू आहे, एल्ड्रिच क्लॉ, अंगावर असला की ठोसे जादूचे आणि अटॅकला, डॅमेजला एक एक अधिक. मी तो गोंदण म्हणून आणणार आहे. आमच्या आजीच्या दंडावर होतं तसं, हिरवं पडलेलं. वाटेत एक म्हातारी भेटेल, तिच्या गावात एक जुनी गरडी आहे, म्हणजे तुमची तालीम, छप्पर पडलेली. तिथल्या हौद्यात कुणी उतरत नाही. का ते रविवारी.

रेंजरशी पण बोललो. त्याचा टर्न भैरूच्या आधी येत असेल तर प्रश्नच नाही, नंतर येत असेल तर भैरूनं त्या राउंडला नुसतं धरायचं, पाडायचं पुढच्या राउंडला. दोघांनी टेबलावर बोलून घ्या, मी थांबेन.

शहापूरचा_पोऱ्या

अण्णा, गोंदण! आईला आत्ताच विचारलं आजीच्या हातावर नक्की काय होतं, ती म्हणाली तुळस आणि खाली पाच ठिपके. भैरूच्या मनगटावर तेच काढू का? कागदावर काढून आणतो.

टिळकवाडी_डीएम

आण. आणि चार वाजता म्हणजे चारला ये, पकडीच्या डी४ साठी वेगळा फासा घेऊन ये, प्रत्येक टर्नला माझा उचलालास तर मला राक्षसांना काही राहत नाही.